सड्यावरचा अहवाल
पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालेल्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारखान्याचा पर्यावरण विभाग, संशोधन संस्था किंवा सल्लागार कंपनी अशा ठिकाणी काम मिळते. यांतल्या शेवटच्या वाटेवर एक नैतिक प्रश्न हमखास उभा राहतो: निष्ठा कोणाशी, मोबदला देणाऱ्याशी की ज्यांच्याबद्दल लिहायचे त्या नदी-डोंगरांशी?

प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन भारतात १९९४च्या अधिसूचनेने बंधनकारक झाले. २००६मध्ये तिच्या जागी नवी अधिसूचना आली. अहवालासाठी सल्लागार नेमतो आणि त्याचे पैसे देतो तो प्रकल्प उभारणाराच. अनेक प्रकल्पांना पावसाळा वगळून एकाच ऋतूची पाहणी पुरते. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मे महिन्यात तापलेला कातळ तेवढा दिसतो. पाऊस लागला की त्याच कातळावर डबकी साचतात, बेडूक ओरडू लागतात, काही आठवड्यांचेच आयुष्य असलेली रानफुले उमलतात. मे महिन्यातला ‘पडीक जमीन’ हा शेरा नियमाला धरून असतो, आणि तरीही खोटा असतो.

नियम पाळणे म्हणजेच स्वधर्म, असे मानले तर प्रश्न तिथेच मिटतो. पण गीता कर्माला लोकसंग्रहाचीही, म्हणजे लोकांच्या हिताचीही, कसोटी लावते. त्यातला ‘लोक’ माणसांपुरता आहे का? पर्यावरणचिंतक आल्डो लिओपोल्ड यांनी १९४९मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांना नैतिक समुदायात सामील केले. हा विस्तार मान्य केला, तर सड्यावरचा बेडूकही अहवालाचा पक्षकार ठरतो. अशा वेळी पाहणी कोणत्या ऋतूत झाली आणि त्यामुळे काय पाहता आले नाही, हे स्पष्ट लिहिणे हे पदवीधराचे पहिले कर्तव्य ठरते.