व्यवहार ठरवा, लिहा आणि पाळा



पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत ही उधारीच्या नोंदीविषयी आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत अल्लाह तआलाने श्रद्धावंतांना असा आदेश दिला आहे की, मुदतीचा व्यवहार केला तर तो लिहून ठेवावा. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि लिहिण्यास नकार देऊ नये. मजकूर ज्याच्यावर देणे आहे त्याने सांगावा आणि त्यात काही कमी करू नये. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह नोंद करण्याचा कंटाळा करू नये. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यवहाराला तेवढी सवलत दिली आहे. बहुसंख्य फुकहांच्या मते हा आदेश शिफारशीच्या स्वरूपाचा आहे. तरीही ज्या गोष्टीचा इतका तपशील खुद्द पालनकर्त्याने दिला, ती आपण किरकोळ समजावी काय?

सातारा-सांगलीच्या परिसरात आपला समाज बहुतांशी छोट्या धंद्यांवर आणि मजुरीवर जगतो. मिरजेतील तंतुवाद्यांचे कारखाने, विट्याचे यंत्रमाग, सांगलीच्या यार्डातील हमाली, तासगावचा बेदाणा, कराडची गॅरेजे, साताऱ्यातील शिलाईची आणि भंगाराची दुकाने, सगळीकडे व्यवहार तोंडी चालतो. ‘आपल्याच माणसांत कागद कशाला?’ हे वाक्य सर्वांच्या ओठांवर असते. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत जे प्रश्न विचारले जातात, त्यांतील बहुतेकांचे मूळ याच वाक्यात सापडते. त्यांपैकी नेहमीचे पाच प्रश्न येथे घेतो.

पहिला प्रश्न मजुरीचा. कामगार महिना पुरा होण्याआधी काम सोडून गेला, तर त्याचे राहिलेले पैसे रोखून धरता येतात का?

केलेल्या कामाची मजुरी हे मालकावरचे कर्ज आहे. ते रोखणे नाजायज आहे. पूर्वसूचना देऊन जाण्याचे ठरले असेल आणि तो न सांगता गेला असेल, तर त्याने वचनभंग केला आणि त्याचा जाब त्याला द्यावा लागेल. त्याने नुकसान केल्याचे सिद्ध होत असेल, तर भरपाईची मागणी स्वतंत्रपणे करता येते. परंतु राबलेल्या दिवसांचा मोबदला त्यामुळे बुडत नाही. प्रेषितांनी (स.) मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी देण्यास सांगितले आहे. सहीह बुखारीतील एका हदीसनुसार कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः तीन प्रकारच्या माणसांविरुद्ध उभा राहील. त्यांतला एक म्हणजे मजुराकडून पूर्ण काम करवून घेऊन त्याचा मोबदला न देणारा.

याच्या उलट उदाहरणही हदीसमध्येच आहे. शिळा घसरल्याने गुहेत अडकलेल्या तीन माणसांपैकी एकाने अल्लाहपुढे आपली एक नेकी मांडली. त्याचा एक मजूर मजुरी न घेता निघून गेला होता. याने ती मजुरी वाढवली, तिची जनावरे झाली, कळप झाले आणि वर्षांनंतर तो मजूर परत आला तेव्हा सारे काही त्याच्या हवाली केले. शिळा सरकली. आपल्या गल्ल्यात निघून गेलेल्या कामगाराचे पैसे असतील, तर त्यांचा हिशेब वेगळा ठेवून ते त्याच्यापर्यंत पोहोचवणे आपले कर्तव्य आहे.

देशाचा कायदाही हेच सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ नुसार मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत द्यावा लागतो. नोकरी सोडणाऱ्या किंवा कमी केलेल्या कामगाराचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते.

येथे आणखी एक दोष सांगितला पाहिजे. शेजारचा किंवा नात्यातला मुलगा कामावर ठेवताना पगार ठरवलाच जात नाही. ‘तू आपलाच आहेस, काय ते बघू’ असे म्हटले जाते. मोबदला अज्ञात असलेला असा करार फिक्हच्या दृष्टीने फासिद, म्हणजे सदोष असतो आणि काम झाल्यावर त्या भागातील प्रचलित दराने मजुरी देणे भाग पडते. सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या चाकरीचा उल्लेख पाहा. मदयनच्या वयोवृद्ध गृहस्थांनी आठ वर्षांची मुदत ठरवली, दहा पूर्ण करणे मूसांच्या (अ.) इच्छेवर सोडले आणि आपण कष्टात टाकू इच्छित नसल्याचेही सांगितले. एका प्रेषितांची चाकरी अशी स्पष्ट अटींवर ठरत असेल, तर आपल्या दुकानातील पोराची का ठरू नये?

दुसरा प्रश्न उचलीचा. ऊसतोडीच्या हंगामासाठी वाहनमालक मुकादमाला आणि मुकादम टोळीला आगाऊ रक्कम देतो. हा व्यवहार शरीअतमध्ये बसतो का?

उचल ही ठरलेल्या मजुरीचा आगाऊ भाग म्हणून दिली असेल, तर ती जायज आहे. जेवढे काम झाले नाही, तेवढी रक्कम परत करणे मजुरावर वाजिब आहे. मात्र उचल दिली म्हणून तोडणीचा दर चालू दरापेक्षा कमी लावायचा, ही अट त्यात घातली तर ते कर्जावर लाभ घेणे झाले आणि त्यात व्याजाचा अंश आला. दोन-दोन वाहनमालकांकडून उचल घेऊन तिसऱ्याकडे जाणारा मुकादम खियानत करतो. त्याच्यामुळे कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेली किती घरे बसली, हे वाळवा आणि कराड तालुक्यांत कोणीही सांगेल. फसवल्या गेलेल्या वाहनमालकाला आपले पैसे मागण्याचा पूर्ण हक्क आहे. परंतु माणसे डांबून ठेवून ते वसूल करण्याचा अधिकार त्याला ना शरीअत देते, ना कायदा. वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार कर्जाच्या मोबदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणे हा गुन्हा आहे.

उचल घेणारा मजूर मरण पावला, तर ते देणे त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फेडले जाईल. मालमत्ताच नसेल, तर विधवेने आणि मुलांनी राबून ते फेडण्याची सक्ती करता येत नाही. तसेच ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी धरली जाते आणि नोंद फक्त नवऱ्याची होते. स्त्रीने जे कमावले त्यात तिचा वाटा आहे, असे सूरह अन-निसाच्या ३२ व्या आयतीत सांगितले आहे. तेव्हा मुकादमाच्या वहीत तिचेही नाव आले पाहिजे.

तिसरा प्रश्न महापुराने आपल्या दारात आणून ठेवला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बाजारपेठ पाण्याखाली गेली. शिंप्याकडचे गिऱ्हाइकांचे कापड आणि दुरुस्तीला आलेली यंत्रे भिजून वाया गेली. ती भरपाई कोणी द्यायची?

अनेक गिऱ्हाइकांचे काम घेणाऱ्या कारागिराविषयी हनफी इमामांत मतभेद आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते त्याच्याकडचा माल अमानत असते आणि त्याच्या हलगर्जीपणाशिवाय नुकसान झाले तर तो जबाबदार नसतो. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) त्याला जबाबदार धरतात, पण टाळता न येणाऱ्या आपत्तीचा अपवाद करतात. म्हणजे अचानक आलेल्या महापुरात दोन्ही मतांनुसार कारागीर मोकळा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ हाही, विशेष करार नसेल तर, ठेव सांभाळणाऱ्याकडून सामान्य शहाण्या माणसाने घ्यावी तेवढीच काळजी अपेक्षितो.

परंतु पाणी चढत असल्याची सूचना मिळाली, वेळ होता, कारागिराने स्वतःचा माल माडीवर नेला आणि गिऱ्हाइकांचा खालीच ठेवला, तर हे दुर्लक्ष आहे आणि भरपाई त्याच्यावर येते. माडीवर आधी काय गेले, हे गिऱ्हाइकाला कळणार नाही. ते त्या कारागिराला आणि त्याच्या रबला ठाऊक असते.

चौथा प्रश्न भागीदारीचा. भावाच्या दुकानात २ लाख रुपये घातले. तो दरमहा ठरावीक ४ हजार रुपये देतो आणि मूळ रक्कम सुरक्षित आहे. हा नफा हलाल आहे का?

नाही. मूळ रक्कम सुरक्षित आणि वर ठरावीक परतावा, हे व्याज आहे. त्याला नफा म्हटल्याने त्याचे स्वरूप बदलत नाही. योग्य मार्ग असा की नफ्याची टक्केवारी ठरवावी. नफा झाला तर त्या प्रमाणात मिळेल, नाही झाला तर काही मिळणार नाही. तोटा झाल्यास तो भांडवलाच्या प्रमाणात वाटला जाईल. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे केवळ श्रम असतील, तर तोटा भांडवलदाराचा. श्रम करणाऱ्याची मेहनत वाया जाते, तेवढेच त्याचे नुकसान, अट इतकीच की त्याने हयगय केलेली नसावी.

येथे लेखी कराराची गरज विशेष आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार भागीदारांनी काही ठरवले नसेल, तर नफा आणि तोटा दोन्ही समान वाटले जातात. भांडवल कोणाचे किती, हे त्यात पाहिले जात नाही. म्हणजे शरीअतप्रमाणे तोटा भांडवलाच्या प्रमाणात वाटायचा असेल, तर तसे करारात लिहावे लागेल. न लिहिल्यास न्यायालय समान वाटणीच करेल. शिवाय नोंदणी न केलेल्या भागीदारी पेढीला करारातील हक्कासाठी इतरांवर दावा लावता येत नाही. उधारी बुडाल्यावर हे कळून उपयोग नसतो.

पाचवा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्यापायी बहीण-भावांची तोंडे एकमेकांना दिसेनाशी झाली आहेत. अब्बांनी दुकान उभे केले. मोठा मुलगा शाळा सोडून गल्ल्यावर बसला आणि पंधरा-वीस वर्षे राबला. शॉप ॲक्टची नोंदणी आणि बँकेचे खाते त्याच्याच नावावर आहे. अब्बांच्या इंतकालनंतर दुकान कोणाचे?

हनफी फिक्हमध्ये नियम स्पष्ट आहे. मुलगा वडिलांच्या कुटुंबात राहून त्यांच्याच धंद्यात, स्वतःचे भांडवल न घालता काम करत असेल आणि पगार किंवा भागीदारी काहीही ठरलेले नसेल, तर तो वडिलांचा मदतनीस समजला जातो. धंदा आणि त्यातील वाढ वडिलांच्या मालकीची राहते. परवान्यावर नाव घातल्याने मालकी बदलत नाही. म्हणून ते दुकान तरका आहे. समजा, दफनाचा खर्च, कर्ज आणि वसियत वजा करून ४० लाख रुपये उरले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत, मृताचे आई-वडील हयात नाहीत. पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे ५ लाख. उरलेल्या ३५ लाखांतून प्रत्येक मुलाला १४ लाख आणि मुलीला ७ लाख.

हे ऐकून राबलेल्या मुलाच्या मनात कळ उठते आणि ती खोटी नाही. त्याचे तारुण्य त्या दुकानात गेले. पण त्याच्यावरील अन्यायाचा उपाय बहिणीचा हिस्सा गिळणे हा नाही. तो उपाय अब्बांच्या हयातीत होता. त्यांनी मुलाचा पगार ठरवायला हवा होता, किंवा ठरावीक टक्क्यांची भागीदारी लिहून द्यायला हवी होती. मुलांना देणगी देताना समानता राखावी, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला दिलेल्या देणगीला साक्षी राहण्यास आपण (स.) नकार दिला होता. श्रमाचा मोबदला मात्र देणगी नसते, तो हक्क असतो. तो वेळेवर ठरवला, तर धाकट्या भावालाही आणि बहिणीलाही आक्षेप घेण्यास जागा राहत नाही.

न्यायालय कागद पाहते. कागद मुलाच्या नावावर असल्यामुळे कदाचित निकालही त्याच्या बाजूने लागेल. परंतु प्रेषितांनी (स.) स्वतःविषयी सांगितले आहे की, आपण मनुष्य आहोत, ऐकलेल्या युक्तिवादावर निवाडा देतो, आणि त्यामुळे कोणाच्या पदरात भावाचा हक्क पडला तर तो आगीचा तुकडा आहे. असे असताना तालुक्याच्या निबंधकासमोर बहिणीला उभे करून ‘आपा, नुसती सही कर’ म्हणत घेतलेले हक्कसोडपत्र हलाल कसे ठरेल? तिला तिचा हिस्सा किती आहे हे सांगा, तो तिच्या हाती द्या आणि मग तिने मनापासून काही परत केले तर घ्या. माहेर तुटेल या भीतीने दिलेली सही ही रजामंदी नव्हे.

बंधूंनो आणि भगिनींनो, या पाचही प्रश्नांत कायदा कागद विचारतो आणि अल्लाह सत्य विचारणार आहे. आपल्या कागदावर तेच असावे जे सत्य आहे, आणि जे सत्य आहे ते कागदावर यावे, इतकीच ही सारी शिकवण आहे. लिहून ठेवणे हा अविश्वास नाही. अल्लाहने जेथे लिहिण्यास सांगितले, तेथेच त्याचे कारण दिले आहे की, त्यामुळे साक्ष भक्कम राहते आणि शंकेला वाव उरत नाही. नाती गोड असतात तेव्हाच अटी न्यायाने ठरतात. या महिन्यात घरातील वडीलधाऱ्यांसोबत बसा. दुकानात कोणाचे भांडवल किती, कोण पगारी, कोण भागीदार, कोणाचे देणे राहिले, हे एका वहीत लिहा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. भागीदारी असेल तर वकिलाकडून करारपत्र करून घ्या. आपल्या घरातील नेमक्या प्रसंगासाठी जवळच्या मुफ्तींना सारी हकीकत, काही न लपवता, सांगा.

हे अल्लाह, आमच्या रिज्कमध्ये बरकत दे. ज्यांचे देणे आमच्यावर आहे, त्यांच्यापर्यंत ते पोहोचवण्याची तौफीक दे. आमच्या घरांतील लेकी-बहिणींच्या हक्काचा एक रुपयाही आमच्या पोटात जाऊ देऊ नकोस. आमीन.