फोन घेण्याआधी एवढं पाहून घे

अकोला, श्रावण

चि. बाळास,


अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात तुझा नंबर लागला, हे ताईनं कळवल्यापासून दुकानात येईल त्याला मी सांगतो आहे. आता तू तीन फोनांची यादी पाठवलीस, तिन्ही वीस ते पंचवीस हजारांच्या आतले, आणि विचारलंस, "मामा, कोणता घेऊ?" नाव एका ओळीत सांगता आलं असतं. पण फोन दुरुस्त करणाऱ्याला रोज तेच दिसतं जे लोकांनी विकत घेताना पाहिलेलं नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाबांनाही वाचून दाखव, पैसे त्यांचे आहेत.

मधल्या भावाचा फोन घ्यायचं ठरवलंस ते बरोबर केलंस. दहा हजारांच्या फोनला चार जीबी रॅम असते आणि तो दुसऱ्या वर्षी दम टाकतो. बँकेचं अ‍ॅप उघडेपर्यंत मागे चालू असलेलं बंद पडतं. चाळीस हजारांच्या वरचा फोन चांगलाच असतो, पण जास्तीचे पैसे तो रात्रीचे फोटो, लांबचा झूम, काचेची पाठ यांच्यासाठी घेतो. तुला वर्षभरात लॅपटॉप लागणार आहे, आणि फोन कितीही भारी घेतला तरी त्यावर ड्रॉइंग आणि कोडिंग होत नाही. फोनवर वाचतील ते पैसे तिकडे घाल.

शिवाय हा फोन तुझ्या एकट्याचा नाही. बाबांचा फोन आता कामातून गेला आहे. तू सुटीत गावी आलास की पाहणी, नोंदणी सगळं तुझ्याच फोनवर होणार. ई-पीक पाहणी २०२१ च्या १५ ऑगस्टला राज्यभर सुरू झाली. तेव्हापासून शेतकऱ्यानं स्वतः वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो. २०२५ पासून सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस द्यायचा तरी 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी आणि स्लॉट घ्यावा लागतो. तेव्हा फोन कठोरा नाक्याजवळच्या तुझ्या खोलीतही चालला पाहिजे आणि मूर्तिजापूरकडच्या धुऱ्यावरही. जाहिरातीतले आकडे या दोन जागांवर तपासून बघायचे.

सगळ्यात आधी ऊन. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांना उन्हापायी महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लावावं लागलं होतं, हे तुला आठवत असेल. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. आणि अ‍ॅपल, सॅमसंग यांच्यासारख्या कंपन्या स्वतःच लिहितात की फोन शून्य ते पस्तीस अंशांच्या हवेत वापरावा. म्हणजे एप्रिल-मे हे दोन महिने आपले फोन कंपनीनं आखलेल्या मर्यादेबाहेरच असतात. अशा वेळी फोन स्वतःला वाचवतो: पडद्याचा उजेड कमी करतो, चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो, प्रोसेसर सावकाश चालवतो, कॅमेरा बंद करतो. गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन म्हणतं, "भाऊ, याले काय झालं, दुपारी चार्जच घेत नाही." फोनला काहीही झालेलं नसतं.

इथे मधल्या भावाच्या फोनची एक बाजू भक्कम आहे, जी कोणी दुकानदार सांगत नाही. महागड्या फोनचा सगळ्यात वेगवान प्रोसेसर जोरात चालला की तापतोही तेवढाच. मधल्या फोनचा प्रोसेसर कमी वीज खातो, त्यामुळे रोजच्या कामात कमी तापतो. उणी बाजू अशी की आतली उष्णता पसरवायची सोय या किमतीत बेताची असते. तासभर गेम खेळलास तर फरक लगेच कळेल. गेमसाठी घेत असशील तर आताच सांग, मग सल्ला बदलेल.

बॅटरीचं मात्र नीट समजून घे, कारण माझ्याकडे सर्वांत जास्त काम तिचंच येतं. लिथियम-आयन बॅटरी चाळीस अंशांच्या जागी पूर्ण भरून ठेवली तर वर्षभरात सुमारे एक तृतीयांश क्षमता गमावते. तीच अर्ध्याहून कमी भरलेली असेल तर नुकसान निम्म्यापेक्षाही कमी होतं. टिनाच्या खोलीत, उशीखाली, रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन दोन उन्हाळ्यांत फुगतो. आधी पाठीचा एक कोपरा किंचित वर येतो, मग पडदा मधून उचलला जातो आणि दाबलं की खाली-वर होतो. आत वायू साचलेला असतो. असा फोन दाबून बसवू नकोस, सुई तर लावूच नकोस. बंद कर आणि दुरुस्तीला ने. तसं होऊ नये म्हणून चार्जिंग पहाटे किंवा रात्री कूलरसमोर कर, तेवढ्यापुरतं कव्हर काढ, आणि ऐंशी टक्क्यांवर थांबायची सोय बऱ्याच फोनांत सेटिंगमध्ये असते ती चालू ठेव.

दुसरं, पडदा. त्याच्या उजेडाचा आकडा कोणी दोन हजार निट्स लिहितं, कोणी साडेचार हजार. तो आकडा पडद्याच्या लहानशा तुकड्याचा आणि काही क्षणांचा असतो. पूर्ण पडदा उन्हात किती उजळतो ते वेगळं असतं आणि खोक्यावर बहुतेक वेळा छापलेलं नसतं. म्हणून एक कर. राजकमल चौकाकडे फोन बघायला जाशील तेव्हा दुपारी जा. दुकानदाराला विचारून डेमोचा फोन दाराबाहेर ने, उन्हात धर आणि एखादा सातबारा उघड. गट नंबर आणि क्षेत्राचा आकडा हाताची सावली न करता वाचता आला तर पडदा पास. एसीच्या गारव्यात, पांढऱ्या दिव्याखाली सगळेच पडदे सुरेख दिसतात. अमोलेड आणि एलसीडी यांत अमोलेड घे. या किमतीत तो मिळतो, आणि काळा रंग दाखवताना वीज वाचवतो.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. अमरावतीत काही अडचण येणार नाही. गावात आणि पुढे कधी मेळघाटात, धारणी-सेमाडोहकडे गेलास तर येईल. तुमच्या गावी जिओ चालतो. जिओनं २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्‌झचे तरंग घेतले. ते लांब जातात आणि भिंतीतूनही आत येतात. फोनच्या माहितीपत्रकात या पट्ट्याचं नाव एन२८ असं लिहिलेलं असतं. यादीतल्या तिन्ही फोनांत ते आहे का, कंपनीच्या पानावर पाहून घे. नुसतं '५जी' लिहिलंय म्हणून समाधान मानू नकोस.

आता धूळ. तुमच्या घरी दिवाळीनंतर कापूस येतो, एका खोलीत छतापर्यंत साठतो, आणि फोन त्याच खोलीत खिशात असतो. जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांचे फोन माझ्याकडे 'चार्जिंग पिन गेली' म्हणून येतात. भिंगाखाली धरले की दिसतं, पिनच्या खाचेत रुईचे तंतू दाबून दाबून नमद्यासारखे बसलेले असतात. केबल वरवर बसते, हलवली की सुटते. लाकडी काडीनं, फोन बंद करून, अलगद कोरलं की लांबट बोळा निघतो आणि फोन पूर्ववत चार्ज होतो. नवी पिन टाकायची गरज नसते, आणि कोणी टाकायला सांगितलं तर आधी ती भिंगाखाली पाहायला सांग. खोक्यावरच्या आयपी६४, आयपी६८ मधला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे आतल्या भागात धूळ शिरत नाही. पण चार्जिंगचं तोंड उघडंच असतं, तिथे हा आकडा कामाचा नाही. मधल्या भावात हल्ली चांगलं आयपी मानांकन मिळू लागलंय, ते असेल तर घे. पाऊस अंगावर घेत रोज दुचाकीवर कॉलेजला जाणार आहेस.

कॅमेऱ्यावर मी फार लिहिणार नाही. शंभर, दोनशे मेगापिक्सेलचा आकडा मोठा असला तरी फोन अनेक बिंदू एकत्र करूनच फोटो देतो. दोन मेगापिक्सेलची मॅक्रो भिंगं मागे तीन गोल दिसावेत म्हणून असतात. तुला दोनच गोष्टी लागतील: मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर राहतो, आणि जवळच्या वस्तूवर नीट फोकस. पऱ्हाटीवर डोमकळी दिसली, बोंडअळीची शंका आली, तर कृषी विद्यापीठातल्या जाणकाराला फोटो पाठवायचा असतो, आणि तो धूसर असेल तर तेही सांगू शकत नाहीत. पीक पाहणीला मेगापिक्सेलपेक्षा जीपीएस महत्त्वाचं. तू शेजाऱ्याच्या वावरात उभा आहेस असं फोननं सांगितलं तर फोटो कितीही सुंदर असून उपयोग नाही.

तुझी यादी वर्षांच्या हिशेबानं मी पुन्हा पाहिली. पहिल्या फोनचा कॅमेरा मोठा आणि चार्जिंग झपाट्याचं. दुसऱ्याची बॅटरी सात हजार एमएएचच्या वर. या दोघांना नव्या अँड्रॉइडची हमी दोन-तीन वर्षांचीच. तिसऱ्याची बॅटरी पाच हजारांची, चार्जिंग सावकाश, खोक्यात चार्जरही नाही. पण कंपनीनं सहा वर्षं अपडेट द्यायचं लेखी कबूल केलंय. उदाहरणार्थ, सॅमसंगनं २०२५ च्या ए२६, ए३६, ए५६ या फोनांना सहा वर्षं कबूल केली. नथिंगनं फोन ३ए ला तीन वर्षं नवं अँड्रॉइड आणि सहा वर्षं सुरक्षेचं अपडेट. हे वचन महत्त्वाचं का? सुरक्षेची अपडेटं थांबली की फोन लगेच बंद पडत नाही, पण त्याच फोनवर तुझं बँकेचं खातं, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी, बाबांचे आधार-ओटीपी सगळं असतं. काही वर्षांनी बँकांची अ‍ॅपंही जुन्या अँड्रॉइडवर चालायची थांबतात. चार वर्षं तुझी इंजिनिअरिंगची, त्यानंतर नोकरी लागेपर्यंतचा काळ. एवढं अंतर या एका फोननं काढावं असं मला वाटतं. म्हणून माझा कौल तिसऱ्याला. त्यात आठ जीबी रॅमचाच प्रकार घे. खोक्यावर 'आठ अधिक आठ' लिहिलेलं असतं, त्यातले दुसरे आठ साठवणुकीतून उसने घेतलेले असतात, ते मोजू नकोस. साठवण दोनशे छप्पन जीबी परवडली तर उत्तम, नाहीतर मेमरी कार्डाची जागा आहे का ते पाहा.

तिसऱ्या फोनची उणीव झाकत नाही. चार्जिंगला दीड तासाच्या आसपास लागेल आणि चार्जर वेगळा घ्यावा लागेल. तो त्याच कंपनीचा किंवा बीआयएस खूण असलेला घे, रस्त्यावरचा घेऊ नकोस. लोडशेडिंगच्या दिवसांत दुसऱ्या फोनची मोठी बॅटरी जास्त कामी आली असती, हेही खरं. तुला तोच हवा असेल तर मी अडवणार नाही. तो तीन वर्षांचा फोन आहे हे धरून घे.

पैसे देण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला एक फोन कर. त्या मॉडेलचा पडदा बदलायला किती आणि बॅटरी बदलायला किती, एवढंच विचार. अमोलेड पडदा फुटला तर फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास खर्च सहज येतो. ज्या मॉडेलचे सुटे भाग अकोला-अमरावतीत मिळत नाहीत, नागपूर-पुण्याहून मागवावे लागतात, ते माझ्या टेबलावर आठ-पंधरा दिवस पडून राहतात. परीक्षेच्या तोंडावर तुला ते चालणार नाही.

राहता राहिले पैसे. हप्त्यावर घेऊ नकोस, हे मी आग्रहानं सांगतो. शून्य टक्के म्हणतात, पण प्रोसेसिंग फी लागते आणि रोखीची सूट जाते. शिवाय हप्त्याची तारीख दर महिन्याला येते आणि आपल्या घरात पैसा सोयाबीन-कापूस निघाल्यावर येतो. मधल्या महिन्यांत तो हप्ता बाबांनाच कुठून तरी उभा करावा लागतो, आणि ते तुला कधी सांगणार नाहीत. दिवाळीपर्यंत थांबता आलं तर थांब. तेव्हा सवलतीही असतात. तोवर माझ्याकडचा एक जुना पण नीट केलेला फोन वापर, पुढच्या रविवारी मूर्तिजापूरला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती देतो.

कोणी मित्र वापरलेला फोन स्वस्तात देतो म्हणाला तर *#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय काढ, आणि केवायएम (KYM) लिहून, जागा सोडून, तो नंबर १४४२२ वर एसएमएस कर. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथेच कळेल.

नवा घेशील तेव्हा मोबाइलवरचा अठरा टक्के जीएसटी दाखवणारं पक्कं बिल घे, त्यावर आयएमईआय लिहिलेला आहे याची खात्री कर आणि खोकं टाकून देऊ नकोस. बिलाचा फोटो मला पाठव. वॉरंटीच्या वेळी मी तोच मागणार आहे.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा