आजारांतही पाळावयाचें वचन

आरोग्यांत व आजारांत एकमेकांस सोडणार नाहीं, असें वचन आपण लग्नाच्या वेळीं मंडळीसमक्ष देतों. परंतु आजारानें सोबत्याचा स्वभावच पालटला, तर तें वचन कोठवर पाळावें? हंटिंग्टनच्या रोगांत हा प्रश्न खरोखरच उभा राहतो.

जॉर्ज हंटिंग्टन ह्या अमेरिकन डॉक्टरानें १८७२ सालीं ह्या रोगाचें वर्णन केलें. त्याचे वडील व आजोबा हेही डॉक्टर असून लाँग आयलंडवरील तींच घराणीं पाहत आले होते. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या वयांत हातपाय आपोआप हालूं लागतात, तोल जातो, बोलणें जड होतें, राग अनावर होतो. आईबापांपैकीं एकास रोग असल्यास प्रत्येक मुलास तो येण्याचा संभव निम्मा असतो. १९९३ सालीं दोषी जनुक सांपडलें. रोग समूळ बरा करणारें औषध मात्र अद्याप नाहीं.

अशा मनुष्याची चाल पाहून लोक त्यास दारुडा म्हणतात. उपदेशकहो, त्यास मंडळींत बोल लावण्यापूर्वीं त्याच्या तोंडास दारूचा वास येतो काय, एवढें तरी पाहा! दुसरे म्हणतात, घराण्यास शाप आहे. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं असाच प्रश्न केला, तेव्हां प्रभूनें त्याचा किंवा त्याच्या आईबापांचा दोष मानिला नाहीं.

प्रसिद्ध अमेरिकन गवई वूडी गथ्री ह्यास हा रोग आईकडून आला. मार्जोरी हिचा त्याच्याशीं घटस्फोट झाला होता. तरी १९६७ सालीं तो मरेपर्यंत तिनें त्याची काळजी वाहिली, व त्याच वर्षीं अशा कुटुंबांसाठीं संस्था स्थापिली. घटस्फोटाची तरफदारी आम्ही करीत नाहीं. परंतु एका छपराखालीं राहणें आणि टाकून न देणें ह्या दोन गोष्टी सदैव एकच असतात असें नाहीं. रोगाच्या भरांत नवरा मारूं लागला, तर पत्नीनें मुलांसह रात्रीं भावाकडे निजावें व सकाळीं परत येऊन त्यास जेवूं घालावें. तिनें वचन मोडिलें असें आम्ही म्हणणार नाहीं. मार सोसणें हा त्या वचनाचा भाग नव्हे.

मुलें वयांत आल्यावर, लग्न जुळविण्यापूर्वीं, त्यांस खरें सांगावें. लपविल्यानें दुसऱ्या घरची मुलगी फसते.

रोग्यास गिळतांना ठसका लागतो व तो वाळत जातो. म्हणून त्यास सरळ बसवून, मऊ भात किंवा चांगली भिजविलेली भाकर लहान घासांनीं व अधिक वेळां द्यावी. एका जेवणास तास लागतो, आणि पत्नीची उपासना चुकते. तरी पंचांनीं पाळी लावून दर रविवारीं कोणा भावास दोन तास त्या घरीं बसवावें.