ऐकण्याचा अभिनय

ऑपेरा, म्हणजे ज्यात संवादही बहुतांशी गायिले जातात ते युरोपीय संगीतनाट्य, जेव्हा एखाद्या गद्य नाटकाचा विषय होतो आणि गायकांऐवजी त्यांचे दर्दी श्रोते रंगमंचावर येतात, तेव्हा नटाला मुख्यतः ऐकण्याचाच अभिनय करावा लागतो. अमेरिकन नाटककार टेरेन्स मॅकनॅली यांचे ‘द लिस्बन त्राव्हियाता’ हे याचे ठळक उदाहरण होय. विख्यात ऑपेरा गायिका मारिया कॅलास यांनी १९५८ मध्ये लिस्बन येथे संगीतकार व्हेर्दीचा ‘ला त्राव्हियाता’ हा ऑपेरा गायिला. त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण ऐकण्यासाठी आसुसलेला मेंडी आणि ते घरी ठेवून आलेला त्याचा मित्र स्टीफन यांच्या संभाषणाने पहिला अंक व्यापला आहे, तर दुसऱ्या अंकात स्टीफन आणि त्याचा जोडीदार माइक यांचे तुटत चाललेले नाते समोर येते.

‘नाट्यशास्त्र’कार भरताने सांगितलेल्या चार अभिनयांपैकी सात्त्विक अभिनय, म्हणजे मनाच्या एकाग्रतेतून रोमांच, अश्रू, स्वरभंग अशा रूपांनी शरीरावर उमटणारा भाव, येथे कसोटीला लागतो, कारण कॅलास यांचा आवाज घुमत असताना प्रेक्षकाला त्याची किंमत नटाच्या चेहऱ्यावरूनच कळते. १९८९ च्या न्यूयॉर्कमधील प्रयोगात नेथन लेन यांनी गाजवलेली मेंडीची भूमिका वाचिक अभिनयाला, म्हणजे बोलण्यातील चढउतारांना, भरपूर वाव देते. परंतु त्या बडबडीखालचे एकटेपण दिसले नाही, तर हशे मिळूनही माणूस हरवतो.

अँथनी हील्ड यांनी साकारलेला स्टीफन याहून अवघड आहे, कारण त्याने प्रेम आणि मत्सर यांची भाषा ऑपेरातूनच उचलली आहे आणि प्रत्यक्ष वियोगात ती त्याला पुरत नाही. मूळ शेवटात तो माइकचा खून करतो आणि त्यावर बिझेच्या ‘कारमेन’ या ऑपेराची, म्हणजे त्यात झिडकारलेल्या प्रियकराने केलेल्या नायिकेच्या खुनाची, छाया पडते. मॅकनॅली यांनी हा शेवट पुढे बदलूनही पाहिला. ऑपेरात गायनाच्या आधाराने सहज पटणारा खून साध्या दिवाणखान्यात पटवून देण्यासाठी नटाला पहिल्या अंकातील श्रवणापासूनच त्या उन्मादाची तयारी दाखवावी लागते.

मॅकनॅली यांच्याच ‘मास्टर क्लास’ (१९९५) मध्ये झोई कॉल्डवेल यांनी साकारलेल्या कॅलास स्वतःचेच जुने ध्वनिमुद्रित गायन ऐकतात, आणि तेथेही गमावलेल्या आवाजाचे दुःख श्रवणातूनच प्रकटते. म्हणून अशा नाटकांतील नटाचे मोठेपण संगीताच्या माहितीवरून ठरवू नये. दुसऱ्याच्या स्वराने स्वतःला बदलू देण्याची त्याची तयारी किती खरी आहे, यावरूनच ते ठरवावे.