न निवडलेले वचन

आपल्या बहुतेक घरांत वेदीवर, पवित्र मरियेच्या मूर्तीशेजारी, पवित्र शास्त्राची एक प्रत असते. लग्नात भेट आलेली, जपून ठेवलेली आणि बहुधा न उघडलेली. आमच्या घरीही कित्येक वर्षे हीच स्थिती होती. संध्याकाळची जपमाळ चुकत नसे, रविवारची मिस्सा चुकत नसे. शास्त्रवाचन मात्र धर्मगुरूंचे काम, असे आम्ही मनोमन ठरवून टाकले होते.

ख्रिस्तसभेचे म्हणणे तसे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी घोषित केलेल्या ‘देई वर्बुम’ ह्या दस्तऐवजात सर्वच श्रद्धावंतांना वारंवार शास्त्रवाचन करण्याचा आग्रह केला आहे. ज्याला शास्त्र ठाऊक नाही त्याला ख्रिस्ताचीही ओळख नाही, ह्या आशयाचा संत जेरोम ह्यांचा इशाराही तेथे दिलेला आहे. भाषेची सबबही आपल्याला उरलेली नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली प्रसिद्ध झाले आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही लाभला.

खरी अडचण मनाची आहे. पुस्तक उघडून बसावे, तर मन बाजारात, कचेरीत नाहीतर मुलांच्या परीक्षेत गुंतलेले. अशा वेळी केवळ नेम म्हणून ओळींवरून डोळे फिरवणे हा दांभिकपणा नव्हे काय? ओठांवरच राहणाऱ्या भक्तीवर प्रभू येशूने कोरडे ओढले आहेत. मग मन लागेल त्याच दिवशी वाचावे, हे अधिक प्रामाणिक नव्हे काय? हा प्रश्न आम्हांला अनेक वर्षे पुरला. खरे सांगायचे तर आमच्या आळसाला त्याने चांगलाच आडोसा दिला.

पुढे रोजच्या मिस्सेसाठी नेमून दिलेले शुभवर्तमान वाचण्याचा नेम आम्ही धरला. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. इतर दिवसांची शुभवर्तमाने मात्र दरवर्षी पुन्हा येतात. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यातील शुक्रवारी मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील उतारा येतो. अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाला आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून त्याने आधी भावाशी समेट करावा, असे प्रभू त्यात सांगतो. त्या सुमारास वाडीच्या बांधावरून थोरल्या बंधूंशी आमचा अबोला होता. दोन्ही घरे एकाच मिस्सेला जात, पण बसत निरनिराळ्या बाजूंना. आम्ही तो उतारा घाईघाईने संपवला आणि पुस्तक मिटले. मन लागले नाही, अशी स्वतःची समजूत घातली. वास्तविक मन नको इतके लागले होते.

वर्षभराने तोच शुक्रवार आला आणि तोच उतारा. निवड आमच्या हाती असती, तर तो आम्ही कधीच उघडला नसता. त्या संध्याकाळी आम्ही बंधूंच्या ओट्यावर गेलो. ते फारसे बोलले नाहीत. वहिनींनी चहा आणला. बांधाचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही, आजही पुरता सुटलेला नाही. पण अबोला सुटला.

तेव्हा आमच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला मिळाले. मन लागेल तेव्हा आणि आवडेल तेवढेच वाचणारा माणूस शेवटी स्वतःचेच मन वाचत असतो. सांत्वन हवे असले की तो मेंढपाळाचे स्तोत्र काढतो. भावाचा उतारा त्याला सापडत नाही. नेमाने वाचणारा मात्र, न निवडलेल्या वचनासमोर रोज जाऊन बसतो. नेम म्हणजे भावाचे सोंग नव्हे. भाव येईल तेव्हा आपण घरी असावे, एवढीच त्यामागची तजवीज. सद्गुण सवयीने मुरतात, असे संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही ॲरिस्टॉटलचा धागा धरून सांगितले आहे. दांभिकपणा ठरतो तो मन नसताना वाचणे हा नव्हे, तर वाचलेले कळूनही पुस्तक मिटून टाकणे हा.

बाराव्या शतकातील कार्थुसियन मठवासी दुसरे गिगो ह्यांनी ह्या साधनेला चार पायऱ्यांच्या शिडीची उपमा दिली: वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द चिंतन. संसारी माणसाला चौथी पायरी रोज गाठता येणार नाही. पहिलीवर पाय ठेवणे तरी आपल्या हाती आहे. जपमाळेनंतर दहा मिनिटे, दिवसाचा एक उतारा, आणि त्यातले खटकलेले एक वाक्य मनात घेऊन झोपणे, इतके पुरे. गोड लागलेले वाक्य आपल्याला ठाऊकच असते. खटकलेल्या वाक्यातूनच, बहुधा, प्रभू आपल्या घराचे दार ठोठावत असतो.