‘थांबा’ कोणी म्हणायचं?

रुग्णवाहिकेतून स्ट्रेचर बाहेर ओढला की त्याचे घडीचे पाय खाली सुटतात आणि रुग्णाचा सगळा भार त्यांच्यावर येतो. पाय नीट लॉक झाले नसतील तर स्ट्रेचर माणसासकट खाली बसतो. ओढणारा पायथ्याशी उभा असतो, खालचा खटका त्याला दिसेलच असं नाही; तो बाजूला वाकून पाहणाऱ्याला दिसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आलेल्या स्ट्रेचरच्या ६७१ तक्रारींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून अधिक तक्रारी स्ट्रेचर कोसळल्याच्या होत्या. यंत्रातला दोष त्यात असतोच, पण खटका बसला नाही हे दिसूनही कोणी बोललं नाही, तर तो दोष यंत्राचा नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे. गाडीत एक डॉक्टर आणि एक चालक. स्ट्रेचरला दोघांचे हात सारखेच लागतात, हुद्दा मात्र सारखा नसतो. छातीचा पट्टा सैल राहिलेला चालकाला दिसला, तर तो डॉक्टरांना अडवेल का? माझं म्हणणं असं, की उचलण्याचा हुकूम एकानेच द्यावा, शक्यतो रुग्णाच्या डोक्याशी असलेल्याने; पण थांबवण्याचा हक्क स्ट्रेचरला हात लावणाऱ्या प्रत्येकाला हवा. त्यात हॉस्पिटलचे मामा आले आणि घाबरलेला नातेवाईकही आला. सगळेच बोलू लागले तर गोंधळ होईल, ही शंका रास्त आहे. पण गोंधळ होतो तो दोघांनी वेगवेगळ्या वेळी उचललं की. दोघांनी एकदम ‘थांबा’ म्हटलं तर स्ट्रेचर जागेवरच राहतो.

रुग्ण अत्यवस्थ असताना थांबायला वेळ कुठे, असंही विचारलं जातं. खटका पाहायला एक श्वास पुरतो. पडलेल्या रुग्णाला पुन्हा उचलायला, नवी दुखापत तपासायला किती वेळ जाईल याचा हिशेब आधी करावा. याहून जड आक्षेप मनुष्यबळाचा आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून धिप्पाड माणूस दोघांनी उतरवायचा आणि वर त्यांनाच शिस्त शिकवायची, हा अन्याय आहे. जादा माणसं देणं ही यंत्रणेची जबाबदारी, आणि ती तिने टाळू नये. मात्र तोवर शेजारीपाजारी हात लावणारच. म्हणून तर ‘हा दांडा धरा, मी तीन म्हटल्यावर उचला, काही खटकलं तर ओरडा’ एवढं त्यांना आधी सांगायलाच हवं.

खरी कसोटी ‘थांबा’ चुकीचं ठरतं तेव्हा लागते. चालकाने थांबवलं, डॉक्टरांनी वाकून पाहिलं, तर खटका बसलेलाच होता. तिथे ‘उगाच अडवलंस’ असा शब्द गेला, तर पुढच्या वेळी तो चालक गप्प बसेल. ‘बरं झालं पाहिलं, चला’ म्हणायला डॉक्टरांना काहीच खर्च येत नाही.