शाकारणीची परवानगी

पन्हाळ्याची हवा चांगली, असं कोल्हापूरकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत आणि ते खरंही आहे. तीन हजार फुटांवरचा गड, कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. मे महिन्यात वर आलं की जिवाची काहिली थांबते. पण हवा कशी लागते, हे माणूस कुठल्या छपराखाली झोपतो त्यावर ठरतं. जुलैतलं धुकं हॉटेलच्या काचेतून पाहणारा आणि तेच धुकं कौलांच्या फटींतून अंथरुणात घेणारा, हे दोघे एकाच हवेत राहत नाहीत.

शहरी आरोग्य म्हटलं की आपल्याला धारावी आठवते, गोवंडी आठवते. पन्हाळा कुणाला आठवत नाही. जनगणनेच्या दप्तरी मात्र ते शहरच आहे. २०११ साली वस्ती जेमतेम तीन हजारांची, पण नगरपरिषद स्वतःची. पर्यटकाला सज्जा कोठी दिसते, तीन दरवाजा दिसतो. या दोहोंच्या मधल्या गल्ल्यांत संसार चालतात हे त्याच्या लक्षात येत नाही. त्याची हॉटेलातली ताटं घासणारा, त्याला गड दाखवणारा, त्याच्यासाठी कणसं भाजणारी, चुलीपुढे बसून झुणका-भाकर करणारी बाई, सगळे तिथलेच.

पावसाळ्यात यांतल्या एखाद्या घरात जाऊन बघावं. भिंतीला कमरेइतकी ओल चढलेली असते. झड आत येऊ नये म्हणून वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधलेली, म्हणजे त्या बाजूची खिडकी चार महिने बंदच. दांडीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत; शाळेचा सदरा शेवटी चुलीच्या धगीवर धरून पोराच्या अंगात घालायचा. गोधड्यांना कुबट वास. सरपण ओलं म्हणून धूर जास्त, आणि खिडकी बंद म्हणून तो घरातच घुटमळतो. पोराचा खोकला दसऱ्यापर्यंत हटत नाही, म्हातारीला दोन पायऱ्या चढून दम लागतो. डॉक्टर औषध देतात, बाटली संपते, ओल तशीच राहते. घरातली ओल, बुरशी आणि दमा यांचं नातं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली मार्गदर्शक सूत्रांत मांडलं. त्या घरातल्या बाईला ते आधीच ठाऊक होतं.

मग घर दुरुस्त का करत नाहीत? एक कारण उघड आहे, पैसा. गडावरची कमाई पर्यटकाच्या गाडीबरोबर येते आणि जाते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहनं बंद झाली, तेव्हा किती चुली विझल्या असतील याचा अंदाज कुणीही करावा. दुसरं कारण कायद्याचं. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढच्या २०० मीटरवर निर्बंध. जुन्या घराची डागडुजी करता येते, पण परवानगी काढून. पन्हाळ्यावर तर पावलापावलाला इतिहास. मोजपट्टी कुठूनही धरा, कुणाचं तरी घर तिच्याखाली येतं. ज्याच्याकडे आराखडा काढणारा माणूस आहे आणि हेलपाटे घालायला सवड आहे, त्याला ही परवानगी म्हणजे डोकेदुखी. रोजंदारीवाल्याला एक हेलपाटा म्हणजे एक खाडा. तो आणखी एक ताडपत्री विकत आणतो आणि गप्प बसतो.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात पन्हाळा आहे. त्याआधी गडावरच्या लोकांनी विरोध केला, तेव्हा पुष्कळांना तो करंटेपणा वाटला. मला वाटला नाही. आधीच कौल बदलायला कागद लागतो, त्यात आणखी एका मानाची भर पडली की आपलं काय होणार, हा साधा हिशेबी प्रश्न होता. ‘मग त्यांना खाली पक्की घरं द्या’ हे उत्तर फार सोपं आहे. गोवंडी-मानखुर्दला पुनर्वसनाच्या पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. एकमेकींना खेटून बांधल्यामुळे उजेड-वारा आत शिरेना, आणि २०१८ च्या पाहणीत तिथल्या क्षयरोगाचं बोट या बांधणीकडेच वळलं. शिवाय पन्हाळ्यावरून खाली आणलेल्या माणसाचं घर बदलेल, पण धंदा वरच राहील.

आजाराचं मूळ दवाखान्याबाहेर असतं हे काही नवं नाही. १८४८ साली प्रशियाच्या सरकारने तरुण डॉक्टर रुडॉल्फ फिर्खोला सायलेशियातल्या तापाची साथ तपासायला पाठवलं; त्याने परत येऊन शिक्षण, रोजगार आणि स्वराज्य मागितलं. सरकारला ते अर्थातच रुचलं नाही. अलीकडे झारखंडात क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तर त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं. तांदूळ-डाळीने हे होत असेल, तर कोरड्या भिंतीने काय होईल?

गड बांधणाऱ्यांना हे कळत होतं. अंधार बावीत पाणी तळाच्या मजल्यावर राखलं, वर पहारा ठेवला. अंबरखान्यात धान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती अशा कोठ्या बांधल्या. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्‌महिने सोसला तो या तरतुदीच्या बळावरही. माणसं जगली तर गड टिकतो, हा त्यांचा हिशेब होता. आपण आता दगडाची काळजी घेणारं खातं वेगळं केलं, खोकल्याची काळजी घेणारं वेगळं, आणि दोघांची गाठ पडू देत नाही.

ती गाठ पाडणं नगरपरिषद, पुरातत्त्व खातं आणि आरोग्य खातं यांना अवघड नाही. वारसा जपण्याच्या आराखड्यात राहत्या घरांची यादी हवी. कुठल्या घरात दम्याचा, क्षयाचा रुग्ण आहे हे आशाताईंना तोंडपाठ असतं, त्या घरांचे अर्ज आधी निकाली निघावेत. कौल, चुना, लाकूड याच साहित्यात दुरुस्ती करायची असेल तर एका पानाचा अर्ज पुरे, आणि गरिबाला त्यासाठी अनुदान. त्याने गडाचं रूपही राखलं जाईल. फक्त हे सगळं मृगाच्या आत व्हायला हवं. शाकारणी मे महिन्यात होते; परवानगीचा कागद दिवाळीला हातात पडला तर तो पावसाळा त्या घराने भिजूनच काढलेला असतो.